सबनीस साहेबांचं दोन आकडी कार्ड

त्या दिवशी तिथे कोण कोण होतं ते आधी सांगते, म्हणजे मागून कोणी बोलायला नको की असं काय झालंच नाय. सबनीस साहेब होते, विमा ऑफिसातून रिटायर झालेले, सिल्व्हर पार्कला राहणारे. त्यांच्याबरोबर खेळायला किरीटभाई होते, भाईंदरला त्यांचं नळाच्या सामानाचं दुकान आहे. किरीटभाईंची बॅग उचलायला हरिश्चंद्र होता, खाडीकाठच्या गावातला आगरी माणूस, माझ्याच वयाचा. ऑफिसच्या दारात रावतजी होते, कॅडी मास्टर, म्हणजे कोणी कोणाची बॅग उचलायची ते ठरवणारे. आणि सबनीस साहेबांची बॅग घेऊन मी, चंद्राबाई. पाच माणसं. पाचही अजून आहेत, ज्याला विचारायचं त्याने जाऊन विचारावं.

आमच्या बिल्डिंगच्या दिवाळी अंकाच्या बाई बोलल्या, तुमच्या कामाबद्दल काहीतरी द्या. मी चौथी शिकलेली. मी सांगते, सून मोबाईलमध्ये उतरवते. ती मध्येच शुद्ध करायला जाते, मी बोलली, राहू दे, बाईंना कळेल.

घोडबंदरच्या पुढे खाडीच्या अंगाला गोल्फचं मैदान आहे. नऊ होलचं. पुरे अठरा खेळायचे तर तीच वाट दोनदा चालायची. ज्यांना हा खेळ माहीत नाय त्यांच्यासाठी सांगते. लिंबाएवढा पांढरा बॉल असतो. तो काठीने मारत मारत लांब झेंडी लावलेल्या होलात घालायचा. बाकीच्या खेळात ज्याचं जास्त तो जिंकतो, ह्यात ज्याचे फटके कमी तो. फटक्याला शॉट बोलतात. अठरा होल मिळून तयार माणूस ऐंशीच्या आसपास येतो. आपला साधा माणूस एकशे दहा, एकशे वीस. शंभरच्या आत येणं म्हणजे साध्या माणसाला दहावी पास झाल्यासारखं. कितीतरी जण आयुष्यभर येत नाय. बॅगेत वेगवेगळ्या नंबराच्या काठ्या असतात, लांब मारायची वेगळी, जवळ मारायची वेगळी, वाळूच्या खड्ड्यातून काढायची वेगळी. ती बॅग उचलून बरोबर चालतो तो कॅडी. बॉल कुठे पडला ते बघायचं, काठी द्यायची, विचारलं तर सांगायचं. नाय विचारलं तर गप चालायचं.

मी काय कॅडी म्हणून गेली नव्हती. आमच्या मालकांचा उजवा हात भांड्यांच्या कारखान्यात प्रेसखाली गेला. त्यानंतर सहा वर्षं ते घरात बसून होते, मग गेले. दोन मुलं होती. हात गेल्यावर मी आधी स्लॅबच्या कामावर पाट्या वाहिल्या, मग एका बाईने मैदानावर खुरपणीला लावलं. दहा बाया ओळीने उकिडव्या बसायच्या आणि गवतातलं नको ते गवत काढायच्या. सकाळी सात ते चार. ठेकेदार उभं राहू द्यायचा नाय, बोलायचा, उभी राहिलीस की साहेब लोकांना दिसतेस. पहिल्या वर्षी मी डावा गुडघा आणि उजवा गुडघा पाळीपाळीने टेकायची. दुसऱ्या वर्षापासून दोन्हीचं सारखंच झालं, मग पाळी संपली. साप निघायचे. मी दोन बघितले, एकाने मला बघितलं नाय, एकाने बघितलं पण त्याला घाई होती.

पण बसून बसून एक झालं. मला ते मैदान कळलं. पाणी कुठे थांबतं, उतार कुठे आहे, वरून सपाट दिसतं पण खालून खाडीकडे कलतं, हे उभ्या माणसाला नाय कळत. आणि खेळणारे कळले. आम्ही आठ आठ दिवस एका जागी खुरपायचो, येणारे जाणारे सगळे समोरून. कोण कुठे मारतो, कोण कुठे चुकतो. माणूस चुकायची जागा बदलत नाय. कपडे बदलतो, काठ्या बदलतो, टोपी बदलतो, पण बॉल तिथेच घालतो.

एका गणपतीला सगळे कॅडी गावी गेले. आमच्याकडे रत्नागिरी, रायगडची माणसं जास्त, गणपतीला थांबवून बघा कोणाला. मी पण महाडकडची, पण आमचे मालक गेल्याचं वर्ष होतं, त्यामुळे घरात सण नव्हता. रावतजी कपाळाला हात लावून बसलेले. साहेब लोक येऊन उभे. मी पाणी प्यायला नळावर गेली होती. ते बोलले, "मौसी, बैग उठाओगी?"

मी बोलली, "उठाएगी."

हरिश्चंद्र इथला, त्यामुळे तो गावी गेला नव्हता. तो हसायला लागला. "वयनी, खुरपा पन बॅगेन टाकलंस का? मदी वेल भेटला तर दोन वाफं करशील."

मला बॅग मिळाली ती सबनीस साहेबांची. साहेब उंच, किडकिडीत, पांढऱ्या मिशा. माझ्याकडे बघून बोलले, "तुम्हाला जमेल का हो? जड आहे."

"साहेब, स्लॅबच्या पाट्या वाहिल्यात. ह्या पाटीला तर पट्टा पण आहे."

पाच नंबरच्या होलला मध्ये तळं आहे. साहेबांनी सगळ्यात लांब काठी मागितली. मी दिली. बॉल पाण्यात. दुसरा काढला. पाण्यात. तिसरा पाण्यात. मी विचार केला, विचारलं नाय तर बोलायचं नाय. पण तिसरा गेल्यावर साहेब नुसते उभे राहिले, त्या पाण्याकडे बघत, म्हणून मी बोलली.

"साहेब, एक विचारू? तुम्ही दर वेळी तिथेच का घालता?"

"तिथे म्हणजे?"

"तळ्याच्या डाव्या कोपऱ्याला. मी तिथे खुरपते ना. आम्ही बाया त्या कोपऱ्याला सबनीस कोपरा बोलतो."

साहेब दोन होल माझ्याशी बोलले नाय. मला वाटलं गेलं काम, उद्या परत खुरपं. मग आठ नंबरला बॅगेतून बाटली काढता काढता बोलले, "अजून काय काय बघितलंय तुम्ही बायांनी?"

मग मी सांगितलं. एक तर तुम्ही लांबची काठी काढता तिथे, जिथे लांब मारायची गरज नाय. तळ्याच्या अलीकडे थांबायला काय होतं? अलीकडे एक मारा, मग छोट्या काठीने पलीकडे. दोन शॉट झाले. आता तुम्ही तीन बॉल बुडवलेत, पाण्यात घातला की दंडाचा एक वेगळा, मोजा किती झाले. दुसरं, तुम्ही झेंडीकडे बघून मारता. झेंडी कधी कडेला असते, तिच्या बाजूला वाळूचा खड्डा असतो. तुम्ही मधोमध मारा, मग झेंडी कुठेही असू दे. तिसरं मी सांगितलं नाय त्या दिवशी. तिसरं होतं राग.

साहेबांना राग बॉलचा यायचा नाय, स्वतःचा यायचा. एक वाईट मारला की दुसरा तडकाफडकी मारायचे, पहिल्याला उत्तर दिल्यासारखं. दुसरा पहिल्यापेक्षा वाईट जायचा. हे तोंडाने सांगून जात नाय. मी आमच्या घरात बघितलंय, रागावलेल्या माणसाला रागावू नको बोललं की काय होतं. तर मी काय करायची, बॅग हळू आणायची. साहेब तरातरा चालत बॉलकडे पोचायचे, आणि बॅग माझ्या खांद्यावर, माझ्या दोन्ही गुडघ्यांच्या चालीने येतेय. काठी नाय तर मारणार कशाने? उभे राहायचे. इकडे तिकडे बघायचे. बगळे बघायचे. मी पोचेपर्यंत अर्धा राग खाडीत गेलेला असायचा. साहेबांना वाटायचं म्हातारीचे गुडघे दुखतात. दुखायचे पण.

गणपती संपले, कॅडी गावाहून आले, रावतजी बोलले, "मौसी, अब वापस घास पे." तर साहेब बोलले, माझी बॅग चंद्राबाईच घेणार. असं मी कॅडी झाली. बाकीचे कॅडी चार महिने माझ्याशी नीट बोलले नाय. मी कोणाला काय बोलली नाय. बॅग उचलायची, घरी जायचं.

आता सगळेच सबनीस साहेब नसतात. एक बिल्डर यायचे, नाव नाय घेत. ते मला विचारायचे, कौनसा दूँ? मी बोलायची सात नंबर. ते पाच नंबर काढायचे, म्हणजे लांबची. बॉल झेंडीच्या पलीकडे झाडीत. मग माझ्याकडे वळून बोलायचे, "तूने रोका क्यों नहीं?" मी तीन वेळा ऐकून घेतलं. चौथ्या वेळी मी त्यांना बोलली, सेठ, पाँच नंबर मारो. त्यांनी माझ्याकडे संशयाने बघितलं आणि सात काढली. बॉल झेंडीजवळ. त्या दिवसापासून मी त्यांना उलटंच सांगायची आणि त्यांचा खेळ सुधारला. त्यांना वाटायचं की ते स्वतःच्या डोक्याने खेळतात. चांगलंच आहे, माणसाला तसं वाटलं पाहिजे.

एक जवान मुलगी यायची, हातात दुर्बिणीसारखं यंत्र, त्यात दिसायचं झेंडी किती लांब. एकदा मला बोलली, आजी, एकशे चाळीस दाखवतंय, तुम्हाला काय वाटतं? मी बोलली, यंत्र बरोबर असेल, पण आज वारा खाडीकडून आहे आणि तू रात्री झोपलेली दिसत नायस. ती हसली, एक नंबर मोठी काठी घेतली. असं असतं. अंतर यंत्र सांगतं, पण मारणारा माणूस आज कसा आहे ते नाय सांगत.

सबनीस साहेबांचं आणि माझं चार पाच वर्षं चांगलं चाललं. एकशे अठराचे एकशे दहा झाले, मग एकशे चार, एकशे तीन. तिथे अडकले. एकदा एकशे एक झाले. ते शेवटच्या तीन होलला मनात बेरीज करायचे. आता इतके झाले, अजून इतके चालतील. तोंड हलताना दिसायचं, पोथी वाचल्यासारखं. आणि बेरीज सुरू झाली की हात कडक व्हायचे. मग मी नियम केला. कार्डावर होलचे आकडे लिहायचे, पण बेरीज करायची नाय. बेरीज मी करणार, बोटांच्या पेरांवर, आणि शेवटपर्यंत सांगणार नाय.

साहेब बोलले, "चंद्राबाई, बँकेत माझं खातं मी बघतो आणि इथे माझा स्कोअर मला बघायचा नाय?"

"नाय बघायचा."

"बरं."

साहेबांचे दोन्ही गुडघे गेलेले. डॉक्टरने सांगितलं, दोन्ही बदलायचे, आणि त्यानंतर हे कमरेतून पिळून मारणं बंद, चालणं करा, खेळ विसरा. ऑपरेशन दिवाळीनंतरचं ठरलं. मला मैदानावर सांगितलं त्यांनी, बुटाची नाडी बांधता बांधता, वर न बघता. "पुढच्या रविवारी शेवटचं. चंद्राबाई, मला एकदा दोन आकडी कार्ड बघायचंय. नव्याण्णव चालेल. बाकी काय नको."

मी बोलली, "बघू."

घरी आली आणि त्या रात्री मी ते नऊ होल मनात दोनदा चालली. कुठे काय द्यायचं ते ठरवलं. सगळ्यात लांब काठी बॅगेतून काढूनच टाकायची असं पण वाटलं, पण ती त्यांची बॅग.

रविवारी सकाळी वारा नव्हता. साहेब शांत होते. पहिल्या फेरीत अठ्ठेचाळीस झाले, ते मला माहीत, साहेबांना नाय. तळ्याच्या होलला त्यांनी स्वतःहून सात नंबर मागितली, अलीकडे थांबले, मग पलीकडे. माझ्याकडे बघितलं पण नाय. मला बरं वाटलं. पोर शाळेत एकटं जायला लागलं की बरं वाटतं आणि थोडं नाय पण वाटत, तसं.

दुसऱ्या फेरीत एकदा वाळूच्या खड्ड्यात दोन शॉट गेले. साहेबांच्या मिशा हलल्या. मी बॅग घेऊन एवढी हळू आली की हरिश्चंद्र बोलला, "वयनी, मुंगी पुढं गेली तुझ्या." साहेब हसले. राग गेला.

सतरा होल झाले तेव्हा ब्याण्णव झाले होते. म्हणजे शेवटचा होल सात शॉटमध्ये केला तरी नव्याण्णव. तो होल लांबलचक आहे, सात काही जास्त नाय, पण साहेब तो आरामात सातमध्ये करायचे. मी तोंड दगडासारखं ठेवलं. साहेब बॉल ठेवायला वाकले.

आणि किरीटभाई, देवमाणूस, त्यांच्या पोटात काही राहत नाय, ते बोलले, "साहब, सात में कर लो, आपका हो गया. मैंने जोड़ लिया है."

साहेब वाकले होते ते तसेच राहिले. मग हळू उभे राहिले. मी किरीटभाईंकडे बघितलं. ते बोलले, "क्या मासी? अच्छी खबर दी ना मैंने."

हरिश्चंद्र जमिनीकडे बघून बोलला, "शेट, तुमी दुकानान गिऱ्हाइकाला पन असाच सांगता का, नल गलनार हाय?"

साहेबांचे हात मी बघितले. कडक. ते मला बोलले, "मोठी द्या." सगळ्यात लांब काठी.

मी बॅगेत हात घातला आणि शोधायला लागली. चौदा काठ्या असतात, सापडायला वेळ लागतो. मी एक काढली, पुसली, परत ठेवली. दुसरी काढली. पाण्याची बाटली निघाली, ती त्यांना दिली. ते प्यायले. मग मी पाच नंबर हातात दिली आणि बोलली, "साहेब, वहिनींनी आज डब्यात काय दिलंय?"

"काय?"

"डबा. काय दिलंय?"

"थालीपीठ." त्यांनी काठीकडे बघितलं, पाच नंबर आहे हे त्यांना कळलं.  मारला. सरळ गेला. फार लांब नाय, पण सरळ.

दुसरा सात नंबरने. तिसरा परत सात नंबरने, झेंडीच्या आधी पाणी आहे त्याच्या अलीकडे. चौथा छोट्या काठीने पाण्यावरून. तो पलीकडे उतरला पण डावीकडे गेला, ग्रीनच्या बाहेर, जरा वाढलेल्या गवतात. ग्रीन म्हणजे होलच्या भोवतीचं सतरंजीसारखं कापलेलं गवत. तिथून होल पंधरा पावलं. चार झाले. आता एक ग्रीनवर, मग फार तर दोन होलात. सात. नव्याण्णव.

आम्ही बॉलजवळ गेलो. साहेब उतार बघायला पुढे ग्रीनवर गेले. किरीटभाई आणि हरिश्चंद्र पलीकडे त्यांचा बॉल शोधत होते. मी बॉलजवळ उभी. खाली बघितलं. बॉलच्या बरोबर मागे, चार बोटांवर, लव्हाळ्याचं एक ठोंब. ताजं, हिरवंगार, तीन पाती वर. काठी मागून आली असती तर त्यात अडकली असती.

मी ठरवून काही केलं नाय. हे मला कोणी देवासमोर विचारलं तरी हेच सांगेन. इतकी वर्षं खुरपणी केलेल्या बाईच्या हाताला लव्हाळा दिसला की हात विचारत नाय. आम्ही बसस्टॉपच्या कुंडीतला पण उपटतो. मी वाकली, अंगठा मातीत गेला, एकदा हलवला, आणि गाठीसकट लव्हाळा बाहेर. तो साडीच्या ओच्यात टाकला, जसा रोज टाकायची. उभी राहिली. सगळं मिळून दोन श्वासांचं काम.

तेवढ्यात साहेब परत आले, काठी घेतली, मारला. बॉल उडाला, ग्रीनवर टप्पा घेतला आणि होलपासून एक हातावर थांबला. असा शॉट त्यांनी चार वर्षांत मारला नव्हता.

तेव्हा मला कळलं मी काय केलं. बॉल खेळात असताना त्याच्या आजूबाजूचं उगवलेलं गवत उपटायचं नाय. वाळलेलं पान पडलं असेल तर उचला, पण उगवलेलं नाय. आणि कॅडीने केलं म्हणजे खेळणाऱ्याने केलं. दंड दोन शॉट. हा नियम मला माहीत होता. दुसऱ्या कॅडीला मी स्वतः सांगितलेला.

मी वर बघितलं. पलीकडून हरिश्चंद्र माझ्याकडे बघत होता. त्याने बघितलं होतं. त्याने मान हलवली, अगदी थोडी, गप म्हणून.

साहेबांना तेव्हाच सांगायला पाहिजे होतं का? मी अजून विचार करते. पण एक हातावरचा बॉल राहिला होता, आणि त्यांचे हात मी आत्ताच सैल केले होते. मी गप राहिली. साहेबांनी बॉल होलात घातला. टक् असा आवाज आला.

सहा. अठ्ठ्याण्णव.

किरीटभाईंनी त्यांना मिठीच मारली. "अट्ठानवे साहब, अट्ठानवे. आज आपके घर में लापसी बननी चाहिए." साहेब झेंडीचा दांडा धरून उभे होते. डोळे पुसले नाय, पण टोपी काढून परत घातली, दोनदा.

ऑफिसकडे चालताना हरिश्चंद्र माझ्या बाजूला आला. "वयनी, कोनी बगला न्हाय. तू बोलू नको. त्यांचं पाय कापनार हाय डाक्टर."

"कापणार नाय रे, बदलणार."

"तेच. माजा तोंड बंद हाय. तुजा पन ठेव."

तो चांगल्या मनाने बोलत होता. आणि मला पण तसंच वाटत होतं. कोणाचं काय जाणार होतं? तिथे बक्षीस नव्हतं, स्पर्धा नव्हती. एका म्हाताऱ्या माणसाचं एक कार्ड. पण मी त्यांची बेरीज धरणारी होती. त्यांनी माझ्या पेरांवर विश्वास ठेवून इतके दिवस स्वतः मोजलं नव्हतं. आता पेरांवर शंभर होते आणि कार्डावर अठ्ठ्याण्णव.

ऑफिसच्या दारात रावतजी उभे. किरीटभाईंनी लांबूनच ओरडून सांगितलेलं. साहेब टेबलाशी बसले, सही करायला पेन काढलं.

मी ओच्यातून लव्हाळा काढला आणि कार्डाच्या बाजूला ठेवला.

साहेब बोलले, "हे काय?"

"साहेब, हा शेवटच्या बॉलच्या मागे होता. मी उपटला. तुम्ही मारायच्या आधी."

 मग रावतजी बोलले, "अरे मौसी, घास ही तो निकाली."

"उगी हुई थी," मी बोलली.

किरीटभाई बोलले, "मैंने कुछ सुना नहीं. साहब, आप साइन करो, मैं भी करता हूँ. मासी को धूप लग गई है."

हरिश्चंद्र बाहेरच थांबला होता, तो आत आलाच नाय.

साहेबांनी तो लव्हाळा हातात घेतला. उलटा सुलटा बघितला, खालची गाठ बघितली. मला वाटलं आता बोलतील काहीतरी, आणि बोलले असते तर मी ऐकून घेतलं असतं, माझी चूक होती. त्यांनी सहाच्या आकड्यावर रेघ मारली. बाजूला आठ लिहिलं. मग खाली बेरीज लिहिली, एक आणि दोन शून्य, हळू, शाळेत लिहितात तशी. सही केली. कार्ड किरीटभाईंकडे सरकवलं. किरीटभाईंनी पण सही केली, पण मान दुसरीकडे करून.

मग साहेब मला बोलले, "चंद्राबाई, पुढच्या वेळी मला आधी मारू द्या. मग उपटा."

पुढची वेळ नव्हती हे त्यांना माहीत होतं, मला पण. मी बोलली, "हो साहेब."

त्यांनी डबा उघडला आणि अर्धं थालीपीठ मला दिलं. आम्ही दोघांनी तिथेच पायरीवर बसून खाल्लं.  लोणी नव्हतं दिलं वहिनींनी, कोलेस्टेरॉलमुळे.

ऑपरेशन नीट झालं. साहेब आता सकाळी काठी घेऊन बागेत फेऱ्या मारतात. ही चालायची काठी, नंबर नसलेली. खेळत नाय. मी पण बॅग सोडली, खांदा उचलत नाय. त्या रविवारनंतर जितकी वर्षं काम केलं तितकी वर्षं बॉल मारून होईपर्यंत मी दोन्ही हातांनी बॅगेचा पट्टा धरून उभी राहायची. नव्या कॅडींना वाटायचं, म्हातारी ओझ्याने वाकलीय.

किरीटभाई भेटले की अजून लोकांना सांगतात, हमारे सबनीस साहब ने अट्ठानवे मारा था. साहेब बाजूला असले तर बोलतात, "शंभर." किरीटभाई बोलतात अट्ठानवे, साहेब बोलतात शंभर. असं त्यांचं चालू असतं.

मला एकच गोष्ट टोचते. दंड सांगितला त्याचं नाय. तो लव्हाळा मी राहू दिला असता, तर शॉट थोडा अडकला असता, बॉल जरा कमी गेला असता, होलात घालायला एक जास्त लागला असता. सात. नव्याण्णव. साहेबांना हवं होतं तेवढंच. त्या लव्हाळ्यासकट माझ्या साहेबांनी दोन आकडी कार्ड केलं असतं. मीच मध्ये आली, चांगलं करायला.

हे मी साहेबांना एकदा बोलली. ते बोलले, "चंद्राबाई, गेलेला शॉट गेला, हे तुम्हीच मला शिकवलंत ना? मग आता बॅग हळू आणा." आणि हसले.

वाचणाऱ्यांपैकी कोणी गोल्फ खेळत असेल तर त्यांच्याकडे एक मागणं आहे. तुमची बॅग कधी एखादी खुरपणीतून आलेली बाई उचलेल. तिच्या हातून असं काही झालं आणि तिने येऊन सांगितलं, तर तिला ओरडू नका, आणि दुसऱ्या दिवशी तिला परत गवतात बसवू नका. दोन शॉट लिहा आणि पुढचा बॉल मारा.